छत्रीवाला आणि अक्काची ओटी

आमच्या अप्पांनी कुणाला काही विचारल्याचं मला लहानपणातलं आठवत नाही. ते कडक होते अशातला भाग नाही. आमच्या घरात कडक म्हणाल तर फक्त भाकरी. विचारायचं असतं हेच त्यांच्या गावी नव्हतं. ताटात पडेल ते खायचं, आई देईल तो सदरा घालायचा आणि दर दिवाळीला स्वतःच्या मनानं आईला एक साडी आणायची. ती दर वेळी हिरवी असायची. आईला हिरवा रंग आवडत नाही हे त्यांना मी कॉलेजात जायला लागल्यावर कळलं. तोवर हिरव्या साड्यांनी एक ट्रंक भरली होती आणि दुसरीत पाय पसरत होती.

सोलापुरात कडक भाकरीची घरं पुष्कळ आहेत, त्यातलंच एक आमचं. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चुली. सकाळपासून ज्वारीच्या पिठाची थपथप सुरू व्हायची. आई आणि माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, समोरासमोर बसून थापायच्या. एकीची थाप पडली की दुसरीची, असं ते चालायचं, आणि शेजारच्या गल्लीतला यंत्रमाग त्यात आपली खडखड मिसळायचा. भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग चुलीभोवती उभी करून तिची ओल काढायची. ओल पुरती गेली की ती महिनाभर टिकते, आणि मोडली तर आवाज करते. अप्पा पाकिटं भरायचे. फुटलेल्या भाकऱ्या घरात खायच्या, असा नियम होता. त्यामुळे अख्खी भाकरी म्हणजे विकायची वस्तू, अशीच माझी बरेच दिवस समजूत होती. दुपारी त्या तुकड्यांवर घट्ट दही आणि शेंगाचटणी पडायची. विजेच्या डंकावर कुटलेली चटणी गिऱ्हाइकाला, आणि आईनं खलबत्त्यात कुटलेली, बोटाला तेल लागेल अशी, आम्हाला. आज माझे दात त्या तुकड्यांना पुरे पडत नाहीत. मी ते ताकात बुडवते आणि कुणी बघत नाही ना ते पाहते.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं नाव विद्या, पण घरात तिला नावानं हाक मारायची वेळ सहसा येत नसे, कारण ती हाकेच्या आधीच आलेली असायची. तिचा एक शब्द होता, "चालतंय की." वांग्याची भाजी करू? चालतंय की. तुझी ओढणी मी घेऊन जाते. चालतंय की. बारावीनंतर तिला पुढं शिकायचं होतं का, ते कुणी विचारलं नाही. आईचा हात दुखायला लागला होता, चुलीवर माणूस हवं होतं, आणि अक्का म्हणाली, चालतंय की. मला ह्या शब्दाची हळूहळू भीती वाटायला लागली होती. कारण अक्का तेविसाची झाली होती, घरात स्थळांची बोलणी सुरू झाली होती आणि आपलं लग्नसुद्धा ही बया ह्याच शब्दावर करून टाकणार, अशी माझी खात्री होती.

आमच्यात तेव्हा पाहुणे मुलगी बघायला येताना पिशवीत ओटी घेऊनच यायचे. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं तयार. पोहे खायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि मुलगी पसंत पडली की तिथल्या तिथं कुंकू लावून तिची ओटी भरायची. ओटी भरली की मुलगी त्यांची. मग सूर्य इकडचा तिकडं झाला तरी बोलणं फिरत नसे. मुलीनं फक्त पदर पुढं करायचा.

चिनी मालिका ह्या घरात मी आणल्या. मी तेव्हा कॉलेजात जात होते. माझ्याकडं कोपरा तडकलेला एक फोन होता आणि दुपारी चुली निवल्या की तो पिठाच्या डब्याला टेकवून मी एकटीच बघत बसायची. हिंदीत बोलणं घातलेल्या, प्रेमाच्या, हलक्याफुलक्या मालिका. पहिल्यांदा अक्का येऊन बसली. मग आई, लसूण सोलत. मग आत्या. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. ती मागच्याच गल्लीत राहायची, आणि आमच्या भावकीतली निम्मी लग्नं तिनं जमवलेली. तिचं हिंदी भाजी घेण्यापुरतं होतं, त्यामुळे मला मधेमधे सांगावं लागायचं. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "ह्यांची नाकं अशी बारकी का गं?" आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वेळेच्या आधीच येऊन बसली.

त्या मालिकांत काही घडायचं नाही. आपल्याकडच्या मालिकेत एव्हाना दुधात विष पडलेलं असायचं, सून जिन्यावरून ढकललेली असायची, आणि नवरा सगळ्यांसमोर तिचा हात पिरगाळून प्रेम व्यक्त करायचा. ह्यांच्यात नायकाला सर्दी झालेली असायची आणि ती त्यानं नायिकेला सांगितली नाही, ह्यावर दोन भाग जायचे. मग तो म्हणायचा, मी सांगायला हवं होतं, चुकलं. ती म्हणायची, मीही चिडायला नको होतं. आणि दोघं शेवयाचं सूप प्यायचे. आत्या माझ्याकडं बघायची. "आता भांडण?" मी म्हणायची, मिटलं. "असं कसं मिटलं? सासू कुठाय?" सासू चांगली होती. आत्याला ते पचायला आठवडा लागला.

नावं कुणालाच लक्षात राहायची नाहीत, म्हणून आम्ही आमची ठेवली. नायिका जनावरांची डॉक्टर होती, ती डॉक्टरीण. नायक पावसात तिच्याबरोबर चालताना छत्री तिच्याकडं कलती धरायचा, तो छत्रीवाला. आणि तिच्यावर प्रेम करणारा आणखी एक होता, शांत, हुशार, त्याला ती नाही म्हणते, तो चष्मेवाला. ती नाही म्हणाली तेव्हा त्यानं मान हलवली, सांगितलंस ते बरं केलंस म्हणाला, आणि पुढच्या भागात तिच्या दवाखान्याला रंग द्यायला आला. आत्यानं पदर डोळ्यांना लावला. "त्याच्यासंगं करायचं की लगीन! एवढा गुणाचा पोरगा!" त्या दिवसापासून ती कुठल्याही मालिकेत पहिल्यांदा चष्मा कुणाला आहे ते बघायची.

अप्पा ह्यात नव्हते, असं आम्ही धरून चाललो होतो. ते भिंतीकडं तोंड करून पाकिटं भरत असायचे. एक दिवस पडद्यावर धो धो पाऊस होता, छत्रीवाला आणि डॉक्टरीण फूटपाथवरून चालली होती, आणि मागून आवाज आला, "त्याचा खांदा भिजूलालाय की."

आम्ही चौघी वळलो. अप्पांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं नव्हतं. आई म्हणाली, "कुणाचा?"

"त्या पोराचा. सगळी छत्री तिच्यावर धरलीया. तिला कळलंय का बघ, श्रुती."

तिला कळलं होतं. तिनं छत्रीची दांडी त्याच्याकडं ढकलली. अप्पा म्हणाले, "हां," आणि पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. पण त्यानंतर पाकिटांचा ढीग दर दुपारी थोडाथोडा वळत गेला. पंधरवड्यात अप्पांचं तोंड फोनकडं आणि पाठ भिंतीला, अशी मांडणी झाली.

मग तो हाताचा भाग आला. छत्रीवाल्यानं हात पुढं केला, थांबला, आणि म्हणाला, तुझा हात धरू का? चालेल का तुला? अक्काच्या हातातला लसूण तसाच राहिला. आत्या म्हणाली, "इचारतोय काय? बावळट हाय." आई मात्र एकदम बोलली. आई अक्कलकोटच्या पलीकडची, माहेरी कानडी. ती बोलायची कमी आणि सांगायची त्याहून कमी. ती म्हणाली, "माझी ओटी भरली तवा मी माळवदावर मिरच्या वाळत घालत होते. खालून हाक आली. मला वाटलं, पाव्हणे ज्वारी बघायला आलेत. हात धुवायला बी येळ दिला न्हाई. पाटावर बसवलं, पदर पुढं केला, झालं. मी डोळा पुसला त्याच हातानं. लागलं की डोळ्याला पाणी. सगळ्या बाया म्हणल्या, बघा पोरगी कशी हळवी हाय."

आत्या हसली. ती ओटी तिनंच भरली होती. "मला तर लई आवडलं होतं ते रडणं," ती म्हणाली. "मिरचीचं होतं," आई म्हणाली आणि उठून चूल बघायला गेली. अप्पांनी त्या दुपारी एका पाकिटात दुप्पट भाकऱ्या भरल्या. ते पाकीट गिऱ्हाइकानं परत आणलं नाही.

त्यानंतर अप्पा बदलले, आणि त्याचा सगळ्यांना त्रास झाला. सोलापुरात छत्रीला पावसाचं काम फार पडत नाही. आमच्याकडं छत्री ही उन्हाची वस्तू. एप्रिलातल्या भर उन्हात अप्पा आईबरोबर बाजारात निघाले आणि घरातली एक मोठी काळी छत्री त्यांनी उघडून सगळी आईवर धरली. स्वतः बोडक्यानं उन्हात. आई एक पाऊल बाजूला झाली तर छत्रीही एक पाऊल बाजूला. किराणावाला म्हणाला, "वहिनीस्नी बरं न्हाई का?" भाजीवालीनं आईला बसायला पोतं दिलं. संध्याकाळी तिघी शेजारणी मोसंब्या घेऊन विचारपूस करायला आल्या. आईनं त्यांना चहा करून दिला आणि म्हणाली, "मला काय झालंय ते तुमीच सांगा, म्हणजे औषध घेते." मोसंब्या चांगल्या निघाल्या.

अप्पांचं विचारणंही सुरू झालं. चटणी घेऊ का, चालेल का. पंखा लावू का, चालेल का. आई वैतागली. "अय्यो, मीठ घ्यायला माझी परवानगी कशाला? तुमचंच घर हाय!" पण एके सकाळी, आई भाकरी थापत असताना, ते म्हणाले, "तुला कुठला रंग आवडतो गं?" आईची थाप चुकली. आयुष्यात मी तिची एवढीच एक चुकलेली थाप ऐकली.

"हिरवा सोडून कुठला बी," आई म्हणाली.

अप्पांनी ट्रंकांकडं बघितलं. "मग एवढी वर्षं बोलली का न्हाईस?"

"इचारलं कुठं?"

बस, एवढंच. अप्पा उठून गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि उगाच परत आले.

अशा घरात मग आत्या बार्शीचं स्थळ घेऊन आली. मुलगा मल्लिनाथ, चिंचोळीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरीला, बार्शीला घरचं अडतीचं दुकान, माणसं आपल्यातली, खाऊनपिऊन सुखी. आत्यानं सगळं सांगितलं आणि शेवटी, मुद्दाम शेवटी, म्हणाली, "आन् त्याला चष्मा हाय." अप्पांनी आईकडं बघितलं, आईनं अक्काकडं, आणि अक्का म्हणाली, "चालतंय की."

मी तिला मागं शेडमध्ये गाठलं. "अक्का, तुला लग्न करायचंय का?" ती म्हणाली, कधीतरी करावंच लागतंय की. "ह्याच्याशी?" मी बघितलंय कुठं त्याला. "मग चालतंय कसं म्हणालीस?" तिनं पीठ चाळायचं थांबवलं. "श्रुती, मी नको म्हणाले तर आत्याचा चेहरा कसा होईल ते मला दिसतंय. हो म्हणाले तर माझा कसा होईल ते न्हाई दिसत. मग जे दिसतंय ते सांभाळलेलं बरं." मला तिचा इतका राग आला की मी तिची चाळण हिसकावून घेतली. मग ती हातात घेऊन काय करायचं ते सुचेना, म्हणून मीच पीठ चाळलं.

पाहुणे रविवारी सकाळी आले. मल्लिनाथ, त्याचे वडील आणि मावशी. आई नव्हती त्याला, मावशीनंच वाढवलेलं. मावशीच्या हातात पिशवी होती, आणि पिशवीतून नारळाची शेंडी दिसत होती. मला तेव्हापासून दुसरं काही दिसेना. अक्का पोहे घेऊन आली. मावशीनं विचारलं, "भाकरी येती का पोरीला?" तिच्या मागं भिंतीला लागून भाकऱ्यांची पाकिटं छतापर्यंत रचलेली होती. आई म्हणाली, "येती." मल्लिनाथ बशीकडं बघत होता. त्याचे वडील चटणी खात होते. आत्या म्हणाली, पोरगी गुणाची हाय, एका शब्दात हाय. मावशी म्हणाली, मग काय, आमाला पसंत. तिनं पिशवीतून खण काढला, नारळ काढला, कुंकवाचा करंडा उघडला आणि म्हणाली, "ये बाळ, पदर घे पुढं."

अक्का उठली. तिचा हात पदराकडं गेला. मी ओरडणार होते, पण काय ओरडायचं ते ठरवलं नव्हतं.

"जरा थांबा," अप्पा म्हणाले.

ते उभे राहिले होते. आमच्या घरात पाहुण्यांसमोर अप्पा उभे राहायचे ते फक्त त्यांना निरोप द्यायला. त्यामुळे मल्लिनाथचे वडीलही उभे राहिले, हातात बशी घेऊन.

"इचारायचं राहिलंय," अप्पा म्हणाले.

"कुणाला?" मावशी.

"पोरीला."

"काय इचारायचं?"

अप्पांनी विचार केला. हे बोलणं त्यांनी आजवर चटणीला आणि पंख्यालाच वापरलेलं होतं, लग्नाला कसं वापरायचं ते कुणी दाखवलं नव्हतं. "चालेल का म्हणून," ते म्हणाले.

"बसू, खाली बस," आत्या अप्पांना त्यांच्या लहानपणीच्या नावानं म्हणाली.

"आत्या, तू रोज बघतीस की," अप्पा म्हणाले. आम्ही म्हणायचो म्हणून तेही तिला आत्याच म्हणायचे. ती रोज बघत होती हे खरं होतं.

अप्पा अक्काकडं वळले. "विद्या," ते म्हणाले. नावानं. "हे पाव्हणे चांगले हायत. पोरगा बी चांगला दिसतोय. पर तुला चालेल का? न्हाई म्हणलीस तरी मी तुझ्यासंगं हाय."

सगळे अक्काकडं बघायला लागले. आता येणार, मला वाटलं, आता तो शब्द येणार आणि सगळं मातीत जाणार. अक्कानं अप्पांकडं बघितलं, मग नारळाकडं. "मला ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "आजवर कुणी इचारलंच न्हाई, त्यामुळं मी काही ठरवून ठेवलं नव्हतं. मी विचार करून सांगते."

"असं कुठं असतंय व्हय?" मावशीचा करंडा अजून उघडा होता. "विचार करायला ही काय परीक्षा हाय? मल्ल्या, बघ रे बाबा, तूच बघ!"

मल्लिनाथनं चष्मा वर सरकवला. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "मावशे," तो म्हणाला, "मला बी कुणी इचारलं न्हाई की."

"तुला काय इचारायचं? तुझं तर लगीन हाय!"

अप्पांनी, एकदा सुरुवात झालीच आहे म्हणून, त्यालाही विचारलं, "मग तुमाला चालेल का?" तो म्हणाला, "मी बी विचार करून सांगतो." आणि त्याच्या वडिलांनी, जे मघापासून बशी धरून उभेच होते, आईला विचारलं, "चटणी लई छान हाय. आणि घेऊ का?" आई म्हणाली, घ्या की. त्या बैठकीत विचारून लगेच मिळालं ते एवढंच.

मावशी फणकाऱ्यानं निघाली. पण बाहेर काढलेली ओटी पिशवीत परत घालायची नसते, म्हणून खण आणि नारळ आमच्याकडंच राहिले. आईनं ते देवघरात ठेवले. पुढं कितीतरी दिवस ती रोज सकाळी देवांना कुंकू लावून झालं की त्या नारळालाही लावायची. त्याचं काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं आणि तोवर त्याला उपाशी ठेवायचं तिच्या जिवावर येत होतं.

अक्का आणि मल्लिनाथ फोनवर बोलायला लागले. एकदा सिद्धेश्वर तळ्यावर भेटले, सोबतीला मी. मी लांबच्या बाकावर भेळ खात बसले आणि डोळे फाडून बघत होते. मालिकेच्या हिशेबानं आता अक्कानं ठेचकाळायला हवं होतं आणि त्यानं सावरायला. कुणी ठेचकाळलं नाही. तो हातवारे करून कारखान्यातलं एक यंत्र समजावत होता. अक्कानं मग चूल समजावली. परतताना मी विचारलं, काय म्हणतो? "माणूस चांगला हाय," अक्का म्हणाली. मग? "मग काय? चांगला हाय." मी मनातल्या मनात मेंदीचा नमुनासुद्धा ठरवून टाकला.

एका दुपारी सगळे जेवायला बसलो होतो, आत्याही होती. आई अक्काला वाढायला वाकली तेव्हा अक्कानं ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "ब्याड." म्हणजे नको. लहानपणी आई आम्हाला कानडीतून भरवायची, तेव्हाचा तो शब्द. आईला वाटलं, भात नको. अक्का म्हणाली, "भात दे. ते स्थळ नको."

आत्याचा घास हातात राहिला. "कारण?"

"कारण न्हाई."

"माणूस वाईट हाय?"

"न्हाई. लई चांगला हाय."

"घर वाईट हाय? नोकरी? मावशी?"

"न्हाई. मला नको, एवढंच."

"अगं, पण कारणाबिगर असं कसं..."

"तिनं नको म्हणलंय, आत्या," अप्पा म्हणाले आणि अक्काला भात वाढला. मला रडू आलं. तेवीस वर्षांच्या त्या बाईच्या तोंडून मी पहिल्यांदा नको ऐकत होते, आणि ते म्हणून झाल्यावर ती ताक मागत होती. जन्मभर नकोच म्हणत आल्यासारखी बसली होती.

मल्लिनाथला तिनं स्वतः फोन केला. मी दाराआड होते, त्यामुळे जवळजवळ सगळं ऐकलं. तो म्हणाला, सरळ सांगितलंत ते बरं केलंत. आमचं दोघांचं जुळलं न्हाई असं मी घरी सांगतो, तुमच्यावर येऊ देत न्हाई. मग म्हणाला, भाकरी मात्र तुमच्याकडनंच नेणार, चालेल ना? अक्का म्हणाली, चालतंय की. मी हे आत्याला सांगितलं तेव्हा ती आमच्या उंबऱ्यावर बसून खरंखुरं रडली. "म्हणलं होतं की न्हाई! गुणाचा असतोय तो चष्मेवालाच असतोय, आन् हातातनं जातोय!" पुढं तिनंच त्याच्यासाठी मोहोळची मुलगी बघून दिली. बघायला जाताना मावशीला दारातच बजावलं, पिशवी गाडीत ठेवा, आधी दोघांना इचारा. अक्कानंही पुढं लग्न केलं, स्वतःच्या पसंतीनं, स्वतःच्या वेळी, आणि भाकरीचा धंदा तिनंच वाढवला. माझी नात म्हणते, आजी, एवढी साधी गोष्ट आणि त्यासाठी चीनपर्यंत जावं लागलं? मी तिला म्हणते, जवळ कुठं मिळत नव्हती बाई.

राहिला नारळ. नकार गेल्यावर आईनं तो पायरीवर फोडला. चांगला निघाला. ती विळीवर खवत बसली होती, अप्पा समोर पाकिटं भरत होते, मी चटणीचे शेंगदाणे निवडत होते, आणि अप्पा खाली मान घालूनच म्हणाले, "तुला तवा कुणी इचारलं असतं, तर तू काय म्हणली असतीस?"

"कवा?" आई म्हणाली.

"मिरच्या वाळत घातल्या होत्या तवा."

आईची विळी थांबली. तिनं अप्पांकडं चांगलं टक लावून बघितलं, पहिल्यांदाच बघायला आलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं. मग म्हणाली, "विचार करून सांगते," आणि पुन्हा खवायला लागली.

अप्पांची त्या आठवड्यात झोप उडाली. त्यांनी फुटक्या भाकऱ्या पाकिटात भरल्या आणि अख्ख्या आम्हाला वाढल्या. आठवड्यानं त्यांनी विचारलं, "झाला का विचार?" आई म्हणाली, "चाललाय." मग ते विचारणं दर उन्हाळ्यावर आलं. गच्चीवर वर्षाच्या मिरच्या पसरल्या की अप्पा वर यायचे, छत्री उघडून आईवर धरायचे आणि विचारायचे, झाला का विचार. आई मिरच्या पालथ्या घालत म्हणायची, चाललाय अजून. आमची लग्नं झाली, पोरं झाली, आत्या गेली, तरी हे चालूच. शेवटच्या उन्हाळ्यात अप्पांना जिना चढवेना. त्यांनी अंगणातनं ओरडून विचारलं. वरून आईचा आवाज आला, "चाललाय!" आणि अप्पा खुर्चीत मागं टेकून हसले.

ते गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी आईकडं होते. मिरच्या पसरायला तिच्याबरोबर गच्चीवर गेले. छत्री मीच धरली होती. मी म्हणाले, "आई, तुझं उत्तर काय होतं गं?"

"व्हयच होतं की," आई म्हणाली. "कवाचं ठरलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"सांगितलं असतं तर इचारायचे बंद झाले असते."

ती मिरच्या पालथ्या घालत राहिली. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. हात मिरचीचे होते, म्हणून मी काही विचारलं नाही.